खुर्ची सोडा!

लालबागच्या त्या चाळीत मंडळाचे पाच कायम विश्वस्त होते आणि त्यांतला एक जरी ‘नाही’ म्हणाला, तरी ठराव मेला. बायकांना कमिटीत घ्या, हा दर्शनाचा ठराव गुणाजी तोंडवळकरांनी एकट्याने अकरा वर्षं पाडला होता.

आज बातम्या बघून भडकलेल्या गुणाजींनी चाळीच्या फळ्यावर ‘संयुक्त राष्ट्रसंघ’ असा मथळा दिला आणि खाली खरडलं, ‘पाच जण कायमच्या खुर्च्या अडवून बसलेत. लाज असेल तर खुर्ची सोडा! – गुणाजी तोंडवळकर.’

दर्शनाने दातओठ खात ते वाचलं आणि ओढणीच्या टोकाने फक्त मथळा पुसला.

&nbsp;

संध्याकाळी अख्खी चाळ शाल-श्रीफळ घेऊन गुणाजींच्या दारात उभी होती.