परत आलेला डबा

“झाडं, शाळा, खेळायला मैदान. लेकीसाठी आणखी काय हवं?” मुग्धाचा नवरा रोज विचारायचा. म्यूनिखजवळच्या या हिरव्यागार उपनगरात त्याच्या कंपनीने त्यांना महिनाभर राहून बघायला घर दिलं होतं. दुसरं घर शहरात होतं. तिथे शेजारी मराठी होते, पण झाडं नव्हती. कुठलं घ्यायचं, ते मुग्धाला आज सांगायचं होतं.

परवा तिने शेजारच्या जर्मन आजींना बेसनाचे लाडू दिले होते. आज डबा दारात ठेवलेला दिसला. घासलेला, कोरडा, रिकामा. आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, निदान चमचाभर साखर तरी घालतात. पण हे त्या बाईंना कोण सांगणार? मुग्धाला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. ती डबा घेऊन स्वयंपाकघरात आली.

जिन्यावर लेकीची पावलं वाजली. मुग्धाने ओट्यावरच्या बरणीतली चमचाभर साखर डब्यात टाकली.

“आजींनी काय दिलं गं, आई?”

“साखर.”

लेकीने बोट बुडवून चाखलं. “अगं, आपल्यासारखीच लागते! इथेच राहू या ना?”

मुग्धाने नवऱ्याला फोन लावला. “हेच घर ठरवून टाक,” ती म्हणाली आणि रिकामा चमचा धुवायला घेतला.