वोफांचा फोटो

"तुम्ही बाहेर सावलीत बसा ना, आँटी. वेळ लागेल मला," फोसुआ पुन्हा म्हणाली.

दुफिये हलली नाही. काळं वस्त्र सावरून ती काउंटरच्या आतच, कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. "माझा भाऊ गेलाय. मला कसली घाई? आणि बाहेर बसलं की जो तो येऊन सांत्वन करतो. वीट आलाय."

घानातल्या कुमासी शहराच्या या गल्लीत मयताची पोस्टरं करावीत तर फोसुआनंच. मधे मोठा फोटो, वर ठसठशीत मथळा, खाली शोक करणाऱ्यांची नावं. उद्या दुफियेच्या भावाला, आदुसेईला, जाऊन आठवडा होणार, नातेवाईक जमणार. त्याआधी पोस्टर चौकात आणि घराच्या भिंतीवर लागायलाच हवं. बिनचेहऱ्याचं पोस्टर लावतात ते बेवारस माणसाचं. आणि आदुसेई जन्मात कधी धड फोटोला उभा राहिला नव्हता.

"कॅमेरा दिसला की त्याला लघवीला लागायची," दुफिये म्हणाली. "एकच फोटो होता घरात. पेटी उपसून दमले, सापडत नाही. तुझ्याकडे कसा आला?"

"आहे एवढं खरं," फोसुआ पुटपुटली आणि तारांच्या गुंत्यात डोकं घातलं.

काल लाइट गेली, आली, पुन्हा गेली, त्यात लॅपटॉपच्या आतली डिस्क मेली. फोटो होता बाहेरच्या डिस्कवर. मागच्या वर्षी तिनं अख्ख्या संगणकाची नक्कल त्या डिस्कवर काढून ठेवली होती. आता तिच्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा होता. पण लॅपटॉपची तारा खुपसायची सगळी भोकं खिळखिळी झालेली, एकच काय ते धड. म्हणून मधे डॉकिंग स्टेशन. डिस्क, मोठा पडदा, कीबोर्ड, सगळ्यांच्या तारा त्या पेटीत, आणि पेटीची एकच तार लॅपटॉपला.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर एक फोल्डर आला, त्याच्या पोटात प्रश्नचिन्ह.

"काय विचारतंय?"

"कुठून सुरू होऊ, विचारतंय."

"मग सांग की त्याला!"

फोसुआनं सगळ्या तारा उपसल्या. आधी डॉकला वीज दिली, मग डिस्क लावली. डिस्कचा दिवा लागेपर्यंत थांबली आणि मगच लॅपटॉपला हात घातला. या खेपेला डिस्कचं चित्र आलं. तिनं त्यावर टिचकी मारली आणि घाईघाईनं वळली. "आँटी, कोपऱ्यावर गरम कोको मिळतो. पिऊन या बरं."

"हाकलतेस होय मला?"

तेवढ्यात संगणक जागा झाला. नक्कल काढली त्या दिवशी जे उघडं होतं, तेच त्यानं पुन्हा उघडलं. काळं-लाल पोस्टर. वर मोठी अक्षरं: काय हा धक्का! आणि खाली, अख्खा पडदा भरून, दुफियेचा चेहरा.

दुफिये उभी राहिली. परत बसली. फोसुआनं पडद्यावर हात धरला, पण पडदा मोठा आणि हात लहान.

"ही मी आहे."

"हो, आँटी."

"मी मेले?"

"काहीतरीच काय!"

दुफियेनं स्वतःचा गाल चाचपून पाहिला. मग पुढे वाकून खालचं वाचलं. तिचं पूर्ण नाव. तारखेची जागा रिकामी. मुख्य शोककर्ता, बंधू आदुसेई.

"तुम्ही मागच्या वर्षी ऑक्सिजनवर होता ना," फोसुआ खाली मान घालून म्हणाली, "तेव्हा वोफा आले होते." सगळी गल्ली आदुसेईला वोफाच म्हणायची, वोफा म्हणजे मामा. "म्हणाले, करून ठेव, ऐन वेळी माझं डोकं चालायचं नाही. मग तुम्ही उठून बसलात. मी विचारलं, पुसून टाकू? तर म्हणाले, असू दे, वाया थोडंच जाणार आहे."

"मेल्या!" दुफिये ओरडली. भावाला द्यायची नेहमीचीच शिवी. आज ती खरी निघाली. बाहेरच्या बाकावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "माझ्याच पेटीतून फोटो चोरून माझंच मयत करतो! आणि वर हे काय लिहिलंय? धक्का? हे तरण्याताठ्यांना लिहितात, गाडीखाली गेलेल्यांना. माझं वय काय! गाव हसलं असतं मला."

"मी म्हटलं होतं त्यांना. म्हटलं, वोफा, सत्तरीपुढे 'देवाघरचं बोलावणं' लिहितात, पांढऱ्या रंगात. तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, धक्का मला बसणार आहे का तुला?"

दुफियेनं पडद्यावरच्या आदुसेईच्या नावावर बोट ठेवलं. "त्याचा काढ."

फोसुआनं मूळ फोटो उघडला. त्यांच्या आईच्या मयताच्या दिवशीचा. काळ्या वस्त्रात दोघं शेजारी शेजारी. दुफिये थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. आदुसेई भेदरलेला, एवढा थोराड माणूस, बहिणीचा खांदा गच्च धरून उभा.

फोसुआ त्याच्याभोवती चौकट ओढायला लागली. अलीकडे ओढली की त्याचा हात मनगटापासून तुटे. पलीकडे सरकवली की दुफियेचा खांदा आत येई. ती अलीकडे आली, पलीकडे गेली, पुन्हा अलीकडे आली.

"इथून कापते, आँटी. खाली काळा रंग भरला की कळणार नाही कुणाला."

"कापू नकोस," दुफिये म्हणाली. "खांदा जाऊ दे त्याच्याबरोबर."