तड्यावरची पट्टी

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सुषमाच्या घराच्या भिंतीला तडा गेला. सोसायटीच्या इंजिनीअरने तड्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही ठोकली आणि म्हणाला, "पंधरा दिवसांनी येतो. पट्टी फाटलेली दिसली म्हणजे भिंत सरकतेय. त्याच दिवशी खोली खाली करायची."

पट्टी चौथ्या दिवशी फाटली.

"आता जायचं कुठे?" नवऱ्याने, हरिचंद्रने विचारलं. सुषमाने कात्री उचलली. कागद घरभर होतेच. कागदी फुलांची तोरणं करून ती दुकानांना द्यायची. तिने तश्शीच पट्टी कापून लावली, सही हरिचंद्रने गिरवली. तीही फाटली. मग तिने तशाच सहीची तिसरी लावली आणि तिच्याभोवती मोगऱ्याचा कागदी वेल चढवला.

ठरल्या दिवशी इंजिनीअर आला. पट्टी अखंड होती.

"सुटलात बघा! आणि वेल काय झकास केलाय वहिनी! आमच्या मिसेसला पण शिकवा ना." तो खूश होऊन गेला.

"भिंत थांबली वाटतं गं," हरिचंद्र हळूच म्हणाला.

"भिंत कसली थांबतेय? ही पट्टी क्रेप कागदाची आहे. फाटत नाही, ताणली जाते."

"अजून किती ताणेल?"

सुषमाने पट्टीवरून अंगठा फिरवला. "असेल बोटभर."

"म्हणजे गणपती पार पडतील," हरिचंद्र म्हणाला आणि पोरांची खाट तड्याजवळून समोरच्या भिंतीकडे ओढू लागला.