डावरीची वेल

बाबांनी कोरणी उचलली, पितळेला टेकवली. हात थरथरायला लागला तशी परत खाली ठेवली.

"तूच कर, डावरे."

डावरीने लाखेच्या गोळ्यात घट्ट बसवलेलं कडं आपल्यापुढे ओढलं. सुरीची मूठ संपते आणि पातं सुरू होतं, तिथलं हे कडं. पाती लोहाराकडून यायची, लाकूड वखारीतून. मुठी बसवून कड्यांवर वेल कोरायची, हे या घराचं काम.

"तुझी वेल उलटी चमकते," बाबा नेहमीसारखं म्हणाले.

तक्रार खोटी नव्हती. कोरणी तिरकी चालते. बाबांच्या उजव्या हाताचं पान उजवीकडून उजेड घेतं, तिच्या डाव्या हाताचं डावीकडून. गिऱ्हाइकांना तो फरक कळत नसे. बापलेकीला कळे.

बाबांच्या हाताचं हे दुखणं सुरू झालं त्याला आता काही वर्षं झाली होती. शहरात स्वतःचा कारखाना असलेल्या एका बाईंनी डावरीचं काम पाहून तिला बोलावलं होतं. राहायला खोली होती, शिवाय पुढे स्वतःच्या नावाने काम. "जा की, तुला कुणी धरून ठेवलंय?" बाबा तेव्हा म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातला चहा बशीभर सांडला. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, मूठ आवळायला लावली आणि वयाचं असतं म्हणाले. डावरीने बाईंना कळवलं, आत्ता नको.

तेव्हापासून ती या टेबलाशी होती. समोर खिडकी, खिडकीपुढे शेजारच्यांची भिंत. भिंतीवरची ओल कुठून कुठे सरकते, तेही तिला पाठ झालं होतं.

दुपारी बाबा मागच्या गल्लीत आत्याकडे जात. इथल्या ठोकठोकीने डोकं उठतं, तिथे डोळा लागतो, म्हणत. आत्या त्यांची चेष्टा करायची. चहा सांडतो, पण हनुवटी बघा, नवरदेवासारखी गुळगुळीत. यावर बाबा म्हणायचे, आरसा समोर असला की हात घाबरून सरळ चालतो. डावरीही हसायची.

या वर्षी वखारीतून पहिल्यांदाच तांबूस रेघांचं काळं लाकूड आलं. त्याच सुमारास बाईंचा निरोप आला. आता शेवटचं विचारते, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला देते.

डावरीने जेवताना विषय काढला. या खेपेला जायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बाबा ऐकत होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो हातातून निसटून फुटला. ते स्वतःच काचा वेचायला वाकले, तशी तिने त्यांचा हात धरला. तिच्या मुठीतही तो थरथरत होता.

"राहू द्या, बाबा. नाही जात मी."

"मी कुठे काय म्हणालो?"

तिने बाईंना नकार कळवला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी बाबा झोपेतच गेले.

येणारेजाणारे थांबल्यावर डावरी त्यांचा चष्मा आणि शाल आणायला आत्याकडे गेली. आत्याने कपाटातून ते काढून दिलं. मग मागे हात घालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"हेही त्याचंच. तू शहरात जायला निघशील त्या दिवशी हातात द्यायचं, असं बजावून ठेवलं होतं. तू काही निघाली नाहीस."

फडक्यात सुरी होती. काळी मूठ, तांबूस रेघा. कड्यावर वेल होती, कुठे केसाएवढीही न हललेली.

डावरीने ती खिडकीशी नेली आणि हळूहळू फिरवली. पानं उजवीकडून चमकली.