आपोआप वर गेलेली काच

गाडीच्या दाराचं आतलं आवरण निघालं आणि आबासाहेबांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच थांबला. आत मोटारीवर, दातेरी चाकावर, पार तळापर्यंत पिवळाधमक भंडारा सांडला होता.

"घ्या! लागला म्हणायचा गाडीला," आण्णा म्हणाले आणि हसले.

आण्णा म्हणजे आबासाहेबांचे वडील. दारालगत घोंगडी टाकून ते बसले होते. डाव्या तळहातावर काढलेले स्क्रू सांभाळत होते. उजव्या हाताच्या दोन बोटांना सुनेने हळद भरून चिंधी बांधली होती. आबासाहेबांनी मान आणखी खाली घातली आणि फडक्याने मोटार पुसायला घेतली. गाडीत बिघाड काहीच नव्हता. पण हे सांगायचं कुणाला?

गाडी जुनी, पण अमेरिकन. पेट्रोल महागल्यावर गिरणीच्या मोठ्या साहेबाने काढून टाकली आणि आबासाहेबांनी हौसेने घेतली. बटण दाबलं की काच आपोआप वर, आपोआप खाली. असली गाडी सोलापुरात शोधून सापडायची नाही. काल नव्या पेठेत तिच्यात गिरणीचे दोन साहेब बसले होते. आबासाहेब गिरण्यांना सूत गुंडाळायच्या बॉबिन पुरवायचे, त्याचीच बोलणी चालली होती. आणि नेमके तेव्हाच आण्णा काचेशी येऊन उभे राहिले. सांगोल्याकडून बाजाराला आलेले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. लेकाने गाडी घेतली आणि तिला अजून बिरोबाचा भंडारा लागला नाही, ही रुखरुख त्यांना गप्प बसू देत नव्हती. काच वीतभर उघडी होती. त्यांनी भंडाऱ्याची मूठ सरळ आत घातली.

आबासाहेबांनी एकदा साहेबांकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"देवाच्या नावावर मागत फिरतात, झालं," ते म्हणाले. एक साहेब हसलासुद्धा. आण्णांनी बोटं कशीबशी ओढून काढली. गाडी निघून गेली.

संध्याकाळी आण्णा घरी आले, तेव्हा सून वच्छला त्यांची बोटं बघून ओरडलीच.

"अगं बाई! मामंजी, हे काय करून घेतलंत?"

आण्णांनी तोंड उघडायच्या आत आबासाहेब बोलून मोकळे झाले. "गाडीचं बटण अडकलं गं. काच आपोआप वर गेली."

"व्हय," आण्णा म्हणाले. "यंत्रच त्ये. त्येला काय कळतंय?"

आबासाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण वच्छला कसली ऐकते! उद्या पोरांची बोटं सापडली तर? गाडी दुरुस्त झाल्याशिवाय माझं एकही लेकरू तिच्यात बसणार नाही, तिने बजावलं. आता आली का पंचाईत! मेकॅनिकला बोलवावं, तर तो बटण दाबून बघणार आणि चारचौघांत म्हणणार, साहेब, हिला काय धाड भरलीय? म्हणून आज रविवारी सकाळी आबासाहेब स्वतःच अंगणात बसून धडधाकट दार खोलत होते.

त्यांनी वायरी उगाच सोडवल्या, पुन्हा जोडल्या. चाकाला ग्रीस लावलं. आण्णा मागेल तो स्क्रू काढून देत होते. मध्येच एकदा त्यांनी पटक्याच्या शेवाने लेकाच्या कपाळावरचा घाम टिपला. आबासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापेक्षा ह्या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सापडलं का काय बिघडलंय ते?" वच्छला उंबऱ्यातून म्हणाली.

"हो. वायर सैल झाली होती."

"सैल हुती की," आण्णा लगेच म्हणाले. "म्या बी बगितली."

आबासाहेब चमकले. आण्णांना वायर कुठली आणि नळी कुठली, हेही कळत नव्हतं.

"मग एकदा चालवून दाखवा," वच्छला म्हणाली.

आबासाहेब गाडीत बसले. बटण दाबलं. काच सुर्रकन खाली गेली, सुर्रकन वर आली. वीतभर फट राहिली तिथे त्यांनी ती थांबवली. तेवढ्यात आण्णा उठले. त्यांनी चिंधी बांधलेला हात त्या फटीतून आत घातला.

"मामंजी, हात काढा आधी!" वच्छला ओरडली.

"आता कशाची भीती? दुरुस्त झालीया न्हवं? माजं लेकरू बसलंय की बटणापाशी."

आबासाहेबांनी बटणावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. वच्छलाचं समाधान झालं. चहा टाकते म्हणत ती आत गेली.

ती दिसेनाशी झाली तसा आबासाहेबांनी तो चिंधीचा हात दोन्ही हातांत धरला. शहरात आल्यावर त्यांनी गावची बोली टाकून दिली होती. आता तीच तोंडात आली.

"आण्णा... बटण अडकलं न्हवतं. काच आपोआप न्हाय गेली वर."

"हळू बोल. सूनबाई ऐकंल."

"तुमाला... ठावं हुतं?"

आण्णांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने ते काचेवरचा भंडारा पुसत राहिले.

"काच हाय की रं ती, आबा. भायेर हुबं ऱ्हायलं तरी आतलं समदं दिसतंय."