पहिला घास

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि शाळेच्या यंत्रातून उमटलेली प्रकाशाची मुलं पडवीत ओळीनं बसली. खरी मुलं आपापल्या घरी यंत्रापुढं होती. इथं कुणाची सावलीसुद्धा पडत नव्हती. रिवाजाप्रमाणं मुख्याध्यापिका गिरिजाबाईंनी नियमापुरत्या शिजलेल्या खिचडीचा पहिला घास चाखला.

"बाई, कशी झालीय?" माळावरच्या चंपीनं विचारलं. तिच्या हातात रिकामी ताटली होती.

"तू काय जेवलीस गं?"

"आई रानात गेलीय. तुम्ही चव सांगा की!"

बाईंनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतलं यंत्र बंदच ठेवलं. 'भूक लागली की चालत या,' असा निरोप धाडला.

"हजेरी कोरी गेली तर शाळेला कुलूप लावतील," स्वयंपाकीण हौसामावशी म्हणाल्या. "तांदूळ कुणासाठी टाकू?"

"टाका, मावशी."

खिचडी शिजली, निवली. ओसाड पडवीत वारा तेवढा येऊन बसला. बाई एकट्याच फाटकाशी उभ्या राहिल्या.

उन्हं कलताना माळावर ताटली चमकली. घामेजलेली चंपी फाटकाशी येऊन थांबली. बाईंनी आधी तिच्या पायांकडं पाहिलं.

धुळीत तिची लांब सावली पडली होती.