दुसरी चूल

मशीनने एका छपराखाली दोन कुटुंबं दाखवली तेव्हा निकेतला आधी आनंदच झाला.

विद्यापीठाच्या फेलोशिपचं हे पहिलं वर्ष. ‘समाजाभिमुख जबाबदार तंत्रज्ञान’ असं भारदस्त नाव, आणि अट अशी की दोन वेगळ्या विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून काम करायचं. निकेत संगणकाचा, रुचिका समाजशास्त्राची. दोघांनी खोटे प्रकल्पग्रस्त शोधणारी यंत्रणा बनवली होती. बंदरासाठी चाळीस वर्षांपूर्वी उठवलेल्या गावाचा विमानातून काढलेला फोटो एका बाजूला, तेव्हाच्या मोजणीची यादी दुसऱ्या बाजूला. छपरं आणि नावं जुळली नाहीत की मशीन बोट दाखवायचं. गाव निकेतचंच होतं. एक तरी प्रकरण पुराव्यानिशी शाबीत झालं, तर फेलोशिपचं दुसरं वर्ष मिळणार होतं.

छप्पर चौदा नंबरचं. नावं दोन. एक काळूराम, म्हणजे निकेतचे वारलेले वडील. दुसरी ठमाबाई.

“तू जाऊ नकोस,” रुचिका म्हणाली. “नियम आपणच लिहिलाय. मशीनने बोट दाखवलं की माणसाने जाऊन विचारायचं, पण ते माणूस घरचं नको. मी जाते.”

“तुझ्यापुढे म्हातारी तोंड उघडायची नाही. आणि विचारायचं काय त्यात? घर आमचं होतं. ठमाकाकी आमच्या पडवीत राहायची, हे मी लहानपणापासून ऐकतोय.”

रुचिकाने जबाबाचा कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. दुसरं वर्ष तिलाही हवंच होतं.

त्या वेळी मोजणीवाले घरं मोजत नव्हते, चुली मोजत होते. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, आणि कुटुंब वेगळं तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला वेगळा. मग काय, तीन दगड मांडायला कितीसा वेळ लागतो? आता चौदा नंबरचा एक दाखला खरा होता आणि एक खोटा. खोटा रद्द झाला की त्याच्यावर मिळालेलं सगळं जाणार. निकेतला इंजिनिअरिंगची जागा दाखल्यावर मिळाली होती, पुढे नोकरीही. ठमाबाईची नात प्रणाली दाखल्यावरच बंदरात लागली होती.

निकेत सकाळी निघाला तेव्हा आईने, येसूबाईने, त्याच्या हातात स्टीलचा डबा दिला.

“ठमाला दे. सोडे हायेत. येसूनं दिलेत म्हून सांग.”

नव्या गावठाणात दोघींची घरं दोन टोकांना होती. कित्येक वर्षं येणंजाणं नव्हतं. जिचा दाखला जायचा तिला आई सुकवलेली कोळंबी पाठवते, याचं निकेतला कौतुक वाटलं.

“आन ती बोलंल तेवढंच लिही,” येसूबाई म्हणाली. “जास्त खोदू नको.”

ठमाबाई अंगणात बसली होती. दोरीवर प्रणालीचा बंदरातला गणवेश वाळत होता. प्रणालीने खुर्ची आणून दिली आणि तिला राहवलं नाही. “सर, सोमवारी माझी ऑर्डर निघतेय. कायम होणार मी.”

निकेतने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. “काकी, मोजणीच्या वेळी चौदा नंबरमध्ये दोन चुली होत्या. दुसरी कुणाची?”

ठमाबाईचं लक्ष डब्याकडे होतं. “ह्यो येसूनं दिला?”

“हो. सोडे आहेत.”

तिने झाकण काढलं, वास घेतला, परत लावलं.

“तू कालेजात दाखल्यावरच लागलास ना रे?”

“हो काकी.”

“पोरं किती तुला?”

“दोन.”

तिने प्रणालीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “दुसरी चूल माझी. लिही.”

“आजी, काय बोलतेस तू?”

“तू गप र्‍हा.”

निकेतने कागद पुढे केला. ठमाबाईचा अंगठा उठेना. सगळा जन्म मिठागरात गेलेला, रेषा झिजून गेल्या होत्या. तीनदा शाई लावावी लागली. निकेतने तो अंगठा स्वतःच्या हाताने धरून कागदावर दाबला. प्रणाली आत निघून गेली आणि बाहेर आली नाही. त्याला वाईट वाटलं, पण खोटं ते खोटं.

डबा रिकामा परत पाठवायची आपल्यात रीत नाही. ठमाबाई भिंतीला धरून उठली, आत गेली, डबा भरून घेऊन आली. “येसूलाच दे. तू उघडू नको.”

निकेतने गाडीत बसूनच अहवाल समितीला पाठवला, एक प्रत पुनर्वसन कार्यालयाला. दुपारी रुचिकाचा फोन आला. समिती खूश होती. मशीनवर आंधळा विश्वास न ठेवता माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं, याची खास नोंद झाली होती. दुसरं वर्ष नक्की. प्रणालीची सोमवारची ऑर्डर थांबली होती.

घरी येसूबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

“काय बोलली ठमा?”

“कबूल झाली. दुसरी चूल तिचीच.”

थापणारा हात थांबला. “आनखी काय?”

“काही नाही. हा डबा दिलाय.”

तिने झाकण काढलं. आत जाडं मीठ होतं, काठोकाठ.

“मीठ?” निकेत हसला. “घरात दुसरं काही नसेल बिचारीच्या.”

येसूबाईने दोन खडे उचलून जिभेवर ठेवले. “कागद गेला का?”

“गेला. आता त्यात काही बदलत नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

“तू पोटात होतास. कुनी उभं करीना आमाला,” ती म्हणाली. “घर तिचं, पडवी तिची. दुसरी चूल आपली.”